ग्राहकाच्या छतावरचा रेडिओ: फिक्स्ड वायरलेस जोडणी कशी बसवावी, कशी तपासावी

फिक्स्ड वायरलेसमध्ये, म्हणजे टॉवरवरून ग्राहकाच्या छतापर्यंत रेडिओने इंटरनेट पोचवण्यात, टॉवरवरच्या यंत्रांवर खूप विचार होतो आणि ग्राहकाच्या छतावरचं काम मात्र घाईत उरकलं जातं. प्रत्यक्षात नेटवर्कचा वेग तिथेच बिघडतो. टॉवरवरच्या एका सेक्टरचा (एका दिशेच्या अँटेनाचा) वेळ त्याला जोडलेल्या सगळ्या ग्राहकांत वाटला जातो. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर दोन चेनचा (एकाच वेळी दोन प्रवाह पाठवणारा) ८०२.११एन या वायफाय मानकाचा रेडिओ सर्वांत वरच्या मॉड्युलेशनला (लहरींवर माहिती भरायच्या पद्धतीला) १३० एमबीपीएसने बोलतो आणि सर्वांत खालच्या मॉड्युलेशनला १३ ने. म्हणजे तीच फाइल उतरवायला कमकुवत सिग्नलचा ग्राहक दहापट वेळ घेतो, आणि तो वेळ बाकीच्यांच्या वाट्यातून जातो. एका छतावर ‘लागलं ना नेट, बस झालं’ म्हणून सोडलेली डिश सगळ्या सेक्टरला हळू करते. पुढचं सगळं ५ गिगाहर्ट्झच्या बाहेर बसवायच्या रेडिओला धरून लिहिलं आहे. इतर बँडचा फरक जिथे मोठा आहे तिथे तो सांगितला आहे.

निघण्यापूर्वीचं गणित

ग्राहकाचं नेमकं ठिकाण, टॉवरचं ठिकाण, दोन्हीकडच्या अँटेनांची जमिनीपासूनची उंची आणि मधल्या जमिनीचा चढउतार एवढं हातात घ्या. छतावरून टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणजे काम झालं असं नाही. रेडिओ लहरींना सरळ रेषेभोवती फुगीर जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. मध्यावरची तिची त्रिज्या अशी काढा: किलोमीटरमधल्या अंतराला गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, वर्गमूळ घ्या, ८.६६ ने गुणा; उत्तर मीटरमध्ये येतं. ५.८ गिगाहर्ट्झला ३ किलोमीटरवर ती ६.२ मीटर भरते, ५ किलोमीटरवर ८ मीटर. यातली निदान ६० टक्के जागा मोकळी हवी, म्हणजे ३ किलोमीटरच्या जोडणीत रेषेच्या खाली पावणेचार मीटर. मधल्या झाडाचा शेंडा रेषेला टेकत नसला तरी दोन मीटर खाली असेल, तर तो सिग्नल खाणार.

मग अपेक्षित सिग्नल काढा. हा आकडा कागदावर असल्याशिवाय डिश जुळवायला जाऊ नये, कारण जुळवताना ‘आणखी किती यायला हवं’ हे दुसरं कुणी सांगत नाही. मोकळ्या हवेतला क्षय म्हणजे ९२.४५, अधिक अंतराच्या लॉगची २० पट, अधिक फ्रिक्वेन्सीच्या लॉगची २० पट. ३ किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला तो ११७.३ डीबी होतो (डीबी हे सिग्नलच्या वाढघटीचं लॉगमधलं माप, डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेतली पॉवर). टॉवरचा रेडिओ २० डीबीएमने पाठवत असेल, सेक्टरचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची क्षमता) १६ डीबीआय आणि ग्राहकाच्या डिशचा २३, तर २० + १६ − ११७.३ + २३, म्हणजे −५८ डीबीएम. प्रत्यक्षात −५८ ते −६१ आला तर उत्तम. −६५ च्या खाली गेला तर काहीतरी चुकलंय किंवा मध्ये काहीतरी आडवं आहे.

डिश मोठी म्हणजे चांगली, हा समज सोडावा. टॉवरपासून ३०० मीटरवर याच आकड्यांनी −३८ डीबीएम येतो. एवढ्या जोरात रिसीव्हर दबतो आणि मॉड्युलेशन उलट खाली येतं. तिथे १३ ते १६ डीबीआयचं छोटं पॅनेल पुरतं, किंवा दोन्हीकडची पॉवर उतरवावी. आम्ही −५० ते −६२ या पट्ट्यात राहायचा प्रयत्न करतो. याला एक अपवाद आहे: आजूबाजूला बरेच रेडिओ असतील तर सिग्नल पुरेसा असूनही अरुंद झोताची डिशच घ्यावी, कारण ती बाजूचा गोंगाट ऐकत नाही. पॉवर उतरवता येते. घेतलेला गोंगाट मात्र कुठल्याही सेटिंगने जात नाही.

पोल आणि जागा

छतावर जागा शोधताना आधी विजेच्या तारा बघा. पोल आडवा पडला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर हवं, आणि ते मिळत नसेल तर दुसरी बाजू. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया या हिशेबाने लावा. वारा किंवा गडगडाट असेल तर वर चढू नका.

पोल जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, दीड ते दोन इंच व्यासाचा. पातळ पाइप उभा करताना भक्कम वाटतो, पण डिश वाऱ्याचं शीड होते. ६० सेंटिमीटरच्या डिशवर ताशी १४४ किलोमीटरचा वारा ३० ते ३५ किलोइतका जोर टाकतो आणि तो पोलच्या टोकाला लागतो. तीन मीटरपेक्षा उंच पोलला तीन दिशांनी ताण द्यावा. भिंतीला दोन ठिकाणी पकड, दोन्ही क्लॅम्पमध्ये निदान ४५-५० सेंटिमीटरचं अंतर. पॅरापेटच्या एकट्या विटेत अँकर मारलेला पोल पहिल्या वादळात विटेसकट सुटतो.

पोल ओळंब्यात असलाच पाहिजे. दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, पाणसळ लावून बघा. पोल वाकडा असेल तर डिश आडवी फिरवताना तिची वरखालीही आपोआप बदलते आणि जुळवणी संपता संपत नाही.

केबल आणि पीओई

रेडिओला वीजही घरातल्या अडॅप्टरकडून इथरनेट केबलमधूनच जाते, त्याला पीओई म्हणतात. तक्रारींपैकी मोठा भाग केबलचा असतो, म्हणून यावर पैसे वाचवू नका. बाहेरची, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, शील्ड असलेली, शुद्ध तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ वापरा. घरातली राखाडी केबल उन्हात आधी कडक होते, मग तडकते, आणि त्या फटीतून शिरलेलं पाणी आवरणाच्या आतून वाहत थेट अडॅप्टरपर्यंत पोचतं.

तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडा; आतून पांढरी निघाली तर ती परत करा. २४ गेजच्या तांब्याच्या तारेला १०० मीटरला ८.४ ओहमचा रोध असतो. पॅसिव्ह २४ व्होल्ट पीओईमध्ये जाताना एक जोडी आणि येताना एक जोडी वापरली जाते, म्हणजे एकूण रोधही तेवढाच, ८.४ ओहम. रेडिओने ०.४ ॲम्पियर घेतला की १०० मीटरवर ३.४ व्होल्ट पडतात आणि वर साडेवीस पोचतात. मुलाम्याच्या केबलचा रोध दीडपटीहून जास्त, तिथे पाचाहून अधिक व्होल्ट जातात. अशा छतावर रेडिओ दिवसा नीट चालतो आणि संध्याकाळी वापर वाढला की रीबूट होत राहतो. सिग्नल बघत बसणाऱ्याला याचं कारण सापडत नाही.

पॅसिव्ह पीओई आणि ८०२.३एएफ (पीओईचं मानक) यांची गल्लत करू नये. ८०२.३एएफचा पुरवठा आधी समोरचं यंत्र तपासतो, मगच ४४ ते ५७ व्होल्ट सोडतो. पॅसिव्ह अडॅप्टर काहीच विचारत नाही; पिन ४ आणि ५ वर धन, ७ आणि ८ वर ऋण, आणि वीज सुरू. त्याच्या पीओई लिहिलेल्या छिद्रात ग्राहकाने राउटर किंवा लॅपटॉप खुपसला तर पोर्ट जळू शकतो. दोन्ही छिद्रांवर मोठ्या अक्षरात चिकटपट्टी लावा, ‘छतावर’ आणि ‘राउटरकडे’. रेडिओ कुठल्या जातीचा आहे ते त्याच्या लेबलवर वाचून मगच अडॅप्टर लावा.

क्रिम्पिंगचा, म्हणजे कनेक्टरमध्ये तारा दाबून बसवण्याचा, क्रम दोन्ही टोकांना सारखा: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. जोड्यांचे पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत ठेवा, सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नका. शील्डची उघडी तार धातूच्या कनेक्टरच्या कवचाला पक्की लागली पाहिजे, नाहीतर शील्ड असून नसल्यासारखी. रेडिओचं झाकण लागल्यावर केबल खालून आत जावी. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली लोंबणारा एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं आणि भोकात जात नाही. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. एकूण लांबी १०० मीटरच्या आत.

अर्थिंग

पोल आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत उतरवणारं यंत्र) इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडायचे. पोलसाठी निदान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, तीव्र वळणं न देता. पोलसाठी वेगळा खिळा जमिनीत ठोकून तो मुख्य अर्थिंगला न जोडणं ही धोक्याची चूक आहे. जवळ वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो भरून काढायला मधली एकच वाट मिळते, ती म्हणजे तुमची इथरनेट केबल. सर्ज प्रोटेक्टर दोन लावा, एक रेडिओजवळ, एक केबल घरात शिरते तिथे. थेट वीज पडली तर यातलं काहीही रेडिओ वाचवणार नाही. हे सगळं आसपास पडणाऱ्या विजेसाठी आहे, आणि तशाच विजा जास्त असतात.

डिश जुळवणं

६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ६ अंशांचा असतो. ३ किलोमीटरवर १ अंश म्हणजे ५२ मीटर. डोळ्याच्या अंदाजाने टॉवरकडे तोंड करणं ही फक्त सुरुवात आहे.

आधी वरखाली कोन गणिताने लावा: उंचीतला फरक भागिले अंतर. टॉवरचा अँटेना ४० मीटरवर, ग्राहकाचा ८ मीटरवर, अंतर २ किलोमीटर, तर कोन १ अंशाहूनही कमी. डिश जवळपास सपाट. पण अंतर ३०० मीटर असेल तर तोच कोन ६ अंश होतो, आणि सपाट ठेवलेल्या डिशचा मुख्य झोत टॉवरच्या खालून निघून जातो. जवळच्या ग्राहकाचा सिग्नल दूरच्यापेक्षा वाईट का, याचं कारण बहुधा हेच. ऑफसेट डिश असेल तर तिचं तोंड जिकडे दिसतं तिकडे झोत जात नाही. ब्रॅकेटवरच्या अंशांच्या खुणाच वाचा.

आता बोल्ट हाताने फिरेल इतके सैल करा, रेडिओच्या पानावर सिग्नलचा मीटर उघडा आणि डिश आडवी सावकाश फिरवा. प्रत्येक हालचालीनंतर ४-५ सेकंद थांबा. मीटर मागून येतो. सगळ्यात जोरदार आकडा शोधत बसू नका. शिखरावर आकडा सपाट असतो, एक-दीड अंश सरकलं तरी एखाद डीबीच बदलतो. त्यापेक्षा दोन्ही खांदे शोधा. समजा शिखर −५९ दिसतंय. डावीकडे सिग्नल −६२ होतो तिथे पोलवर आणि क्लॅम्पवर मिळून मार्करने रेघ मारा. उजवीकडे पुन्हा −६२ होतो तिथे दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोब्बर मध्यावर डिश आणा. हेच वरखाली करा, मग पुन्हा एकदा आडवं. अशा जुळवणीत वाऱ्याने डिश अर्धा अंश हलली तरी ग्राहकाला कळत नाही. शिखराच्या कडेवर सोडलेली डिश मात्र दर वाऱ्याला तक्रार आणते.

फसवणारी गोष्ट म्हणजे उपझोत. मुख्य झोताच्या बाजूला लहान झोत असतात, साधारण १५ ते २० डीबी कमी. उपझोतावरही डावीकडे सिग्नल उतरतो, उजवीकडे उतरतो, आणि शिखर मिळाल्यासारखं वाटतं. म्हणून ते आधी काढलेलं गणित. −५८ अपेक्षित आणि −७५ वर ‘शिखर’, तर डिश आणखी १५-२० अंश दोन्हीकडे फिरवून बघा. तरीही वर गेला नाही, तर मग अडथळा शोधा.

दोन्ही चेनचे आकडे वेगळे वाचा. त्यांच्यात ३ डीबीपर्यंतचा फरक चालतो. आठ-दहाचा फरक म्हणजे फ्रेनेल झोनमध्ये काहीतरी आहे, परावर्तन होतंय, किंवा बाहेरून जोडलेल्या अँटेनाचा एखादा कनेक्टर सैल किंवा ओला आहे. सेक्टर ±४५ अंशांच्या पोलरायझेशनचा (लहरींच्या कंपनाच्या दिशेचा) असेल तर डिशही त्याच प्रकारे बसवा. उभ्या-आडव्या डिशने दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात.

बोल्ट आवळताना जुळवणी हलते. एकाच बाजूचा बोल्ट पूर्ण न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळा, डोळा मीटरवर. शेवटचा आकडा आवळून झाल्यावरचा लिहायचा.

एवढ्यावर खाली उतरू नका. टॉवरच्या बाजूने या ग्राहकाचा सिग्नल किती दिसतो तेही बघा. टॉवर उंचावर असल्यामुळे त्याला चारी दिशांचा गोंगाट ऐकू येतो. ग्राहकाकडे ३५ डीबीचं सिग्नल-नॉइज प्रमाण आणि टॉवरकडे १८, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. मग डाउनलोड झकास आणि अपलोड रखडलेलं. अशा वेळी टॉवरचं चॅनल बदलावं लागतं, छतावर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

सेटिंग

टॉवरवर चालणाऱ्या आवृत्तीला जुळणारं फर्मवेअर टाका, मूळ पासवर्ड बदला, व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच जोडणीवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) ठेवा आणि ग्राहकाच्या बाजूने रेडिओचं पान बंद करा. रेडिओने शोधायच्या चॅनलांची यादी आपल्या टॉवरपुरती आखूड केली तर वीज गेल्यानंतर जोडणी लवकर येते.

रेडिओ राउटर म्हणून चालवायचा की ब्रिज (डेटा नुसता पुढे ढकलणारा दुवा) म्हणून, याचं आमचं मत राउटरच्या बाजूने आहे. ब्रिजमध्ये ग्राहकाने आपल्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये छतावरची केबल खुपसली की त्याचा डीएचसीपी सर्व्हर थेट तुमच्या नेटवर्कवर पत्ते वाटू लागतो आणि शेजारच्या ग्राहकांचं नेट जातं. ब्रिजच हवा असेल तर ग्राहकांकडून येणारी डीएचसीपीची उत्तरं रेडिओवरच अडवा आणि ग्राहक एकमेकांपासून वेगळे ठेवा. रेडिओ राउटर केला तर घरातला वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे दुहेरी नॅट (पत्त्यांची दोनदा अदलाबदल) होत नाही.

पीपीपीओई (नाव-पासवर्डने लॉगिन होणारी जोडणी) असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ आणि एमएसएस (त्यातल्या डेटाचा कमाल आकार) १४५२ वर बांधा. हे राहून गेलं की काही साइट लगेच उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, आणि स्पीड टेस्ट मात्र छान येते.

तपासणी

लॅपटॉप केबलने जोडा. वायफायवरून घेतलेली टेस्ट छतावरच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही. टॉवरच्या गेटवेला ५०० पिंग पाठवा. एखाददुसरं हरवलं तर ठीक, पाच-सहा हरवली तर शोध घ्या. मग डाउनलोड चालू ठेवून पुन्हा पिंग घ्या, कारण ग्राहकाला त्रास देणारी विलंबाची वाढ रिकाम्या लाइनवर दिसतच नाही. टेस्ट दर वेळी ९४ एमबीपीएसवर अडकत असेल तर हवेत दोष शोधू नका. कुठलातरी इथरनेट पोर्ट १०० वर बोलतोय. गिगाबिट पोर्ट १०० वर उतरला तर बहुधा एखादी तार क्रिम्पमध्ये बसलेली नसते. पोर्टवरच्या सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या पॅकेटची मोजणी) शून्य हव्यात.

दोन्हीकडचा सिग्नल, दोन्ही चेन, मॉड्युलेशन, केबलची लांबी आणि डिशच्या मागून टॉवरच्या दिशेने काढलेला फोटो हे सगळं ग्राहकाच्या नोंदीत ठेवा. वर्षाने तक्रार आली की हाच फोटो सांगतो की समोर नवी इमारत उभी राहिलीय की झाड वाढलंय.

नंतर काय बिघडतं

पावसात सिग्नल पडतो अशी तक्रार आली तर लक्षात ठेवा, ५ गिगाहर्ट्झला चार-पाच किलोमीटरवर पाऊस स्वतः फारसं काही करत नाही. ओली पानं करतात, आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी करतं. पाऊस थांबताच सिग्नल सुधारला, तर मधल्या झाडाकडे बघा. ऊन पडूनही दोन दिवस खालीच राहिला, तर पाणी आत आहे. कनेक्टर उघडा, हिरवट थर दिसला तर तो पुसून न वापरता कापून नवा लावा. ६० गिगाहर्ट्झच्या जोडणीचं उलट आहे. तिथे हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे १५ डीबीच्या आसपास खातो आणि जोरदार पाऊस आणखी १० किंवा त्याहून जास्त, म्हणून ती जोडणी काही शे मीटरांतच ठेवावी.

सेक्टरवरचे सगळे ग्राहक एकदम एक मिनिटासाठी गेले आणि परत आले, तर शिडी काढू नका. रडारशी वाटून घेतलेल्या चॅनलांवर रेडिओला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडावा लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर बोलण्याआधी ६० सेकंद ऐकावं लागतं. हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही ठिकाणी १० मिनिटं. सोडलेला चॅनल अर्धा तास वापरता येत नाही. टॉवरची लॉग बघा, आणि हे वारंवार होत असेल तर बँड बदला.

फक्त संध्याकाळी हळू आणि सिग्नल बदललेला नाही, तर एकतर सेक्टर भरलाय किंवा त्यावरचे दोन-तीन कमकुवत ग्राहक एअरटाइम खातायत. टॉवरवर ग्राहकांची यादी मॉड्युलेशनच्या क्रमाने लावा आणि तळापासून सुरुवात करा. तळातल्या तिघांच्या डिश पुन्हा जुळवणं हे नवा सेक्टर लावण्याआधीचं काम आहे.

मोबाइल नेटवर्कवर चालणारं फोर-जी किंवा फाइव्ह-जी युनिट असेल तर आकडे बदलतात. तिथे आरएसआरपी (सिग्नलचा जोर) −९५ डीबीएमपेक्षा वरचा आणि एसआयएनआर (गोंगाट आणि व्यत्ययाच्या तुलनेत सिग्नल) २० च्या वर हवा, आणि या दोघांत वेग ठरवतो तो एसआयएनआर. घरात खिडकीशी ठेवलेलं युनिट चालत नसेल तर काच बघा. उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असलेली काच २० ते ३० डीबी खाऊ शकते. तीच जागा, तेच युनिट, पण काचेच्या बाहेर लावलं की वेगळ्याच गावचं वाटतं.